वेगळ्या चुलीची वच्छाकाकी

माणसाने माणसाला किती वाईट बोलावं याला काही मर्यादा असते, अशी लहानपणी माझी समजूत होती. वच्छाकाकी शेजारी असल्यामुळे ती फार दिवस टिकली नाही. आमचं परसू आणि तिची पडवी यांच्यात एक चिऱ्याचा गडगा, तोही कमरेइतकाच. सकाळी तिचं तोंड सुटायचं ते आधी कोंबड्यांवर, मग विहिरीवर आलेल्या बायकांवर आणि मग माझ्या आईवर. आईच्या भाकरीला ती गोवरी म्हणायची. माझं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीला गडग्यापलीकडून खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "बरी हाय रे सुध्या. तुला याच्याहून बरी कोण देणार होता?" माझी बायको ते अजून विसरलेली नाही.

गेल्या श्रावणात वच्छाकाकी गेली. वाडीतल्या बायका जमल्या, रीत म्हणून डोळ्यांना पदर लावले आणि दुपारच्या आत आपापल्या कामाला लागल्या. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मलाही सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडून कोणी शिव्या घालेना, तेव्हा मी चहाचा कप घेऊन गडग्याशी जाऊन उभा राहिलो.

रत्नागिरीहून जयगडला जाताना आमच्या गावचा तिठा लागतो. तिथे माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्यामुळे गावातल्या प्रत्येक घराचं उत्पन्न मला दोन प्रकारे माहीत असतं, खरं आणि दाखल्यावरचं. काकीचं तर मी सगळंच बघायचो. साड्यांच्या दुकानातली एक जुनी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रबर लावलेले तिचे सगळे कागद. ती पिशवी घरी सुक्या बांगड्यांच्या शेजारी टांगलेली असायची, म्हणून तिच्या अर्जांना बांगड्याचा वास यायचा. पिशवी टेबलावर आपटून ती म्हणायची, "बघ रे मेल्या, माझं नाव हाय ना अजून?" नाव असायचंच. तरी दर महिन्याला मी बघायचो.

नाव म्हणजे निराधार योजनेच्या यादीतलं, आणि दुसरं पिवळ्या रेशनकार्डावरचं. ही दोन नावं तिने मंगळसूत्रासारखी जपली. 'निराधार' हा शब्द तर ती पदवी असल्यासारखा वापरायची. एसटीत जागा नसली की बसलेल्या तरुणासमोर उभी राहून म्हणायची, "ऊठ. मी निराधार हाय, सरकारी यादीत हाय." तो बिचारा उठायचा. लग्नघरी जेवायच्या पहिल्याच पंगतीत तिचं पान. कोळणीकडून बांगडे घेताना कल्ले उघडून बघायची, चार शिव्या द्यायची आणि वर एक बांगडा निराधार बाईला म्हणून उचलायची. कोळणी म्हणायच्या, हिचा आधार मेला नाही, हिच्या तोंडाला घाबरून पळाला.

हे विनोदाने म्हणायचे लोक, पण नवरा खरंच लवकर गेला होता. मुलगा नंदू तेव्हा चार वर्षांचा. काकी दिराच्या घरात राहिली. दीर म्हणजे विष्णूकाका, रत्नागिरीत एका कचेरीत कारकून होते, पगारदार, टापटिपीचे. रेशनकार्ड एकत्र, त्यावर पहिलं नाव त्यांचं. काकी विधवा म्हणून अर्ज घेऊन गेली की तिला एकच उत्तर मिळायचं, बाई, तुमच्या घरात कमावता माणूस आहे. अर्ज परत. घरी आली की कमावत्या माणसाच्या घरचं जेवण असायचं ते असं, की आधी काका, मग काकांची मुलं, मग काकांची बायको, आणि टोपाच्या तळाला चिकटलेली पेज हिला आणि नंदूला. नऊ वर्षं हे चाललं. सरकारला ती पोसलेली दिसत होती आणि घरात तिला कोणी पोसत नव्हतं. कमावत्या माणसाबद्दल तिच्या मनात जे बसलं ते तेव्हा बसलं, आणि मग ते कोणालाही काढता आलं नाही.

शेवटी तलाठ्याने तिला वाट सांगितली. चूल वेगळी असेल तर कुटुंब वेगळं धरता येतं, म्हणाला. दीर वेगळं निघू देईना, कारण वेगळं म्हटलं की उद्या आंब्याच्या कलमांचा वाटा मागेल ही भीती. मग काकीने काय करावं? पडवीत तीन चिरे मांडले, आणि भर पावसाळ्यात ओली लाकडं आणून त्यावर भात शिजवायला बसली. सगळा धूर माजघरात. काकांची बायको खोकून हैराण झाली, देवाचे फोटो काळे पडले, काकांचे कचेरीत जायचे पांढरे शर्ट धुरकट दिसायला लागले. काका ओरडले की ही शांतपणे म्हणायची, "भावोजी, माझी चूल वेगळी हाय. सही द्या, उद्या परसात नेतंय." पंधरा दिवसांत सही मिळाली. तलाठी येऊन चूल बघून गेला. पडवी आणि तिच्यामागची एक खोली तिच्या नावची झाली, पिवळं कार्ड आलं, पुढे अनुदानही सुरू झालं. त्या दिवशी तिने वाडीत गूळ वाटला. काकांच्या दारातही नेऊन ठेवला, तो त्यांनी कोंबड्यांना घातला.

काम मात्र ती मरेस्तोवर करायची, हे कबूल करायलाच हवं. काजूच्या कारखान्यात बी सोलायची, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायची. काजूच्या तेलाने तिची बोटं जळून काळी झाली होती, रेषाच उरल्या नव्हत्या. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा तिचा अंगठा काही लागेना. दहादा लावला. शेवटी मशीनला म्हणाली, "तुझ्या बापाने सोलली होती का रे काजू?" दुकानदार हसला म्हणून त्यालाही ऐकवलं. पण तांदूळ घेतल्याशिवाय हलली नाही.

नंदू आमच्या वाडीतला सगळ्यात गरीब स्वभावाचा मुलगा. आईने शिव्या दिल्या की हसायचा. बावीस वर्षांचा झाला आणि जयगडला बंदरात लागला, कंत्राटदाराकडे, पण पगार दर महिन्याला वेळच्या वेळी. कंपनीची बस तिठ्यावरून सकाळी त्याला उचलायची. दुसऱ्या कोणाची आई असती तर देवळात नारळ देऊन आली असती. ही माझ्या दुकानात आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सुध्या, पोरगा नोकरीला लागला की अनुदान बंद होतं काय रे?"

मी म्हटलं, "होतं. नियम आहे तसा. कार्डाचं पण बघतील."

"मग कोणाला सांगू नको."

आता बघा, कंपनीची बस रोज सगळ्या गावासमोर त्याला उचलते, आणि हे कोणाला सांगायचं नाही! पण मी नाही सांगितलं. गावानेही नाही सांगितलं. अशा गोष्टीत आमचं गाव फार समजूतदार आहे, प्रत्येकाच्या घरात काहीतरी झाकलेलं असतंच.

नंदूने साठवून साठवून आईसाठी फ्रिज आणला. लाल, लहानसा. टेम्पोतून उतरवताना त्याचा चेहरा बघायला हवा होता. काकी पडवीत उभी राहिली आणि टेम्पो आतच येऊ देईना. "चौकशीला माणूस आला आणि त्याने हा बघितलान तर? ने तो सुध्याकडे." फ्रिज माझ्या दुकानात आला. दोन वर्षं तो माझ्या झेरॉक्स मशीनशेजारी होता. काकी रोज येऊन त्यात मासे ठेवायची आणि गिऱ्हाइकांसमोर मला विचारायची, "सुध्या, तुझा फ्रिज धड चालतो ना रे?" नंदू बाजूला उभा राहून हसायचा. हसताना तो खाली बघायचा, हे मला तेव्हाही दिसत होतं.

मग विष्णूकाकांनी तहसील कचेरीत अर्ज टाकला. निवृत्त झाले होते, वेळच वेळ होता, आणि धुराचा राग अजून गेला नव्हता. अर्जात लिहिलं की सदर महिलेचा मुलगा घरात राहतो आणि बंदरात नोकरी करतो. काकीला नोटीस आली. पुन्हा ती पिशवी माझ्या टेबलावर. तलाठी म्हणाला होता, मुलगा वेगळा राहतो आणि सांभाळत नाही असं प्रतिज्ञापत्र द्या, दोन पंचांच्या सह्या आणा, मग बघू. नंदू सोबत आला होता. त्याचं काही म्हणणं नव्हतं. "लिही दादा, आईला पायजे तसं लिही," म्हणाला. जयगडला एका मित्राच्या खोलीवर त्याने नावाला पत्ता केला होता.

मी टाइप केलं. माझा मुलगा माझ्यापासून विभक्त राहत असून माझा सांभाळ करीत नाही. वाचून दाखवलं. काकी म्हणाली, "एवढंच?"

"एवढं पुरे आहे, काकी."

"पुरे नाय. सांभाळत नाय म्हटलं तर कोण इचारतो? कोणाचेच नाय सांभाळत. लिही, शिव्या देतो. लिही, मारतो."

नंदूचं हसणं थांबलं. "आई, मारतो नको गो लिवू."

"तू गप. कागद तुझ्या बापसाचा हाय काय? माझा हाय."

मी थांबलो, पण तिने टेबलावर हात आपटला. आणि मी लिहिलं. शिवीगाळ व मारहाण करतो. खाली पंच म्हणून पहिली सही माझीच. चौकशीला साहेब आले त्या दिवशी काकी पडवीत बसून अशी रडली, नंदूच्या नावाने असे तळतळाट दिले, की साहेबांनी खिशातला रुमाल काढला. साहेब गेल्यावर तिने डोळे पुसले आणि नंदूला मागच्या दाराने जेवायला बोलावलं. पापलेट होतं त्या दिवशी, आठवतंय मला. मोठा तुकडा तिने त्याच्याच पानात वाढला.

यादीतलं नाव राहिलं. वर्षभराने नंदूचं लग्न ठरत आलं. पालीकडची मुलगी होती, स्नेहल, नर्सिंग केलेली. तिचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांना सगळे गुरुजीच म्हणायचे. मुलगी आणि नंदू फोनवर बोलायला लागले होते. बस यायच्या आधी तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून बोलायचा आणि मी झेरॉक्स मशीन मुद्दाम चालू करायचो, म्हणजे त्याला मोकळेपणा वाटावा. मुलीकडचे घर बघायला, आणि जमलं तर सुपारी फोडायला येणार होते. काकीने त्या सकाळी मला सांगितलं, "सुध्या, फ्रिज आण रे. आजच्या दिवस माझा हाय." आम्ही दोघांनी तो उचलून तिच्या खोलीत नेला. तिने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि वर प्लॅस्टिकची फुलं ठेवली.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच्या दोन दिवस आधी विष्णूकाका दुकानात आले होते. माहितीच्या अधिकारात मागवलेला एक कागद होता, म्हणाले दोन प्रती काढ. मी बघितलं, तेच प्रतिज्ञापत्र, खाली माझी सही. मला वाटलं पुन्हा कचेरीत टाकतील. मी प्रती काढल्या, पैसे घेतले. काकीला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. गिऱ्हाइकाचा कागद आपण बघायचा नसतो, असं स्वतःला समजावलं.

पोहे झाले, चहा झाला, गुरुजी फ्रिजकडे बघून समाधानाने मान हलवत होते. सुपारी ताटात होती. तेवढ्यात विष्णूकाका आले. चुलत्याच्या नात्याने आलोय म्हणाले, आणि घडी उलगडून कागद गुरुजींच्या हातात दिला.

गुरुजींनी चष्मा लावला. ओठ हलवत सगळा वाचला. मग काकीकडे वळले. "बाई, हे तुम्ही लिहून दिलंय?"

काकी पोह्यांच्या रिकाम्या बशा एकात एक रचायला लागली.

गुरुजी शांत माणूस. म्हणाले, "सरकारी कामासाठी माणसं काय काय लिहितात हे मी जाणतो. मला फक्त एक सांगा. हा मुलगा तुमच्यावर हात उचलतो का? नाही म्हणालात तर हा कागद इथेच फाडतो आणि सुपारी फोडतो."

विष्णूकाका उंबऱ्यावरून म्हणाले, "फाडा की. दुसरी प्रत माझ्याकडे हाय. आता ह्या काय बोलतील ते उद्या मी कचेरीत लिवून देणार. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे खटला होतो, वयनी. कार्ड जाईल, अनुदान जाईल, खाल्लेलं परत मागतील."

नंदू उठून उभा राहिला होता. हळूच म्हणाला, "आई, सांग ना गो."

मी पंच होतो. मी म्हणू शकत होतो की हे मी लिहिलंय, पोराने आयुष्यात आईवर आवाजसुद्धा चढवलेला नाही. पण त्या कागदाखाली माझी सही होती आणि दुकानाचा परवाना माझ्या नावावर होता. मी ताटातल्या सुपारीकडे बघत बसलो. वाडीतले लोक काकीला नावं ठेवतात तेव्हा माझं नाव कोणी घेत नाही. घ्यायला हवं.

काकीने गुरुजींकडे बघितलं, दिराकडे बघितलं. नंदूकडे नाही बघितलं. म्हणाली, "कागदात लिवलंय ते खरं हाय."

तिथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण ती तिची जीभ. "मारतो मला. दोनदा मारलान."

गुरुजींनी कागद घडी करून काकांना परत दिला आणि नमस्कार करून उठले. बायका चपला शोधायला लागल्या. पाच मिनिटांत पडवी रिकामी. नंदूने सुपारीचं ताट उचलून आत ठेवलं. मग मला म्हणाला, "दादा, फ्रिज परत तुझ्याकडे न्यायचा ना?" आम्ही तो पुन्हा उचलला. त्याने वरची फुलं आणि रुमाल काढून नीट घडी करून आईजवळ ठेवले. संध्याकाळच्या गाडीने तो जयगडला गेला, आणि जी खोली नावाला होती तिच्यात खरोखर राहायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी गडग्यावरून विचारलंच. "काकी, काय केलंस हे? पोराचं वाटोळं केलंस."

ती भांडी घासत होती. "लगीन दुसरीकडे होईल. कार्ड गेलं तर परत कोण देतो? तू देतोस?"

"नंदू आहे ना तुला! कमावतोय ना!"

तेव्हा तिने भांडं खाली ठेवलं. "कमावता माणूस होता माझ्या घरात नऊ वर्षं. कुत्र्यासारखी जेवली मी. आज हा आवशीचा हाय, उद्या बायकोचा होईल. तांदूळ माझा राहील." आणि पुन्हा जोरजोरात घासायला लागली.

लग्न दुसरीकडे झालं नाही. आईला मारणारा म्हणून नंदूचं नाव पंचक्रोशीत पसरलं, तेही लेखी पुराव्यानिशी. दोन-तीन ठिकाणी बोलणी निघाली आणि चौकशीत तुटली. स्नेहल चिपळूणला दिली. नंदू घरी यायचा बंद झाला. पुढच्या वर्षी तपासणी झाली तेव्हा काकीचा मुलगा खरंच वेगळा राहत होता, त्या एका वाक्यापुरता कागद खरा झाला होता. मधे त्याने तिच्या बँक खात्यात पैसे टाकायला सुरुवात केली. पासबुकात नाव बघितल्यावर ती धावत दुकानात आली. "फोन कर त्याला. टाकू नको म्हणावं. कोणी बघितलान म्हणजे?" मी फोन केला. पलीकडून तो फक्त "बरं" म्हणाला.

मग गेल्या आषाढात ती विहिरीजवळ घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी रिक्षाने रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात नेली. पिशवी तिने सोबत घेतलीच होती, दुखण्याने कळवळत असताना उशाखाली ठेवून घेतली. पिवळ्या कार्डावर ऑपरेशन फुकट होणार होतं. मी तिला न सांगता नंदूला कळवलं. तासाभरात तो आला, कंपनीच्या निळ्या कपड्यांतच, आणि खाटेच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. किती वर्षांनी दोघं एकमेकांसमोर आले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली. कपाळापासून बुटापर्यंत बघितलं. वाळलाय, असं ती म्हणेल असं मला वाटलं.

तेवढ्यात सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. "आजी, ऑपरेशनला घरच्यांची सही लागते. तुमचं कोण आहे?"

"कोण नाय," काकी म्हणाली.

"मुलगा वगैरे?"

"मुलगा सांभाळत नाय. कागद हाय माझ्याकडे." तिचा हात उशाखाली गेला.

सिस्टरनी नंदूकडे बघितलं. "तुम्ही?"

नंदूने पेन घेतलं. खाटेच्या कठड्यावर फॉर्म टेकवून त्याने आपलं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, पूर्ण. मग खालच्या ओळीवर, रुग्णाशी नातं, असं छापलेलं होतं तिथे, क्षणभर थांबला आणि लिहिलं, शेजारी.

सिस्टरनी ते वाचलं. खाटेच्या पाटीवरचं आडनाव बघितलं, पुन्हा फॉर्म बघितला, आणि काही न विचारता निघून गेल्या.

काकीने मला खूण केली. मी वाकलो तेव्हा कानाशी म्हणाली, "काय लिवलान त्याने?"

"शेजारी," मी म्हटलं.

"बरं केलान," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचा खांदा हलत होता, पण आवाज नव्हता, आणि साहेबांसमोर ती किती मोठ्याने रडायची हे मला ठाऊक होतं. नंदूने तिच्या पायांवरची चादर सारखी केली, मला म्हणाला ड्यूटी आहे, आणि गेला.